करणची राहिलेली चौकशी

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी स्टँडवरून पेपर आणला. दूध आणलं. करणचा फोन चार्जिंगला लावला. मार्चमध्ये आमचा मुलगा करण मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. दहा वाजता त्या फोनवर मेसेज. नगरच्या मशिनरीच्या दुकानातला अजिनाथ. 'करणशेठ, गाडी धुवायच्या मशीनचं काय ठरलं? फेब्रुवारीपासून गायब!'
करणला इथे तिसगावात कार डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या धुऊन पॉलिश करायचं, सेंटर काढायचं होतं. शेड उभं आहे, त्यात त्याची कार. प्रेशर वॉशर कोणता घ्यायचा एवढंच राहिलं होतं. दोघांची कधी भेट नाही, सगळं फोनवरच.
मी दूध संघात एकतीस वर्षं क्लार्क होतो. एकही पत्र उत्तराविना ठेवलं नाही. उद्या त्याला कळवून टाकतो, करण नाही म्हणून.

५ ऑगस्ट
कळवलं. म्हणजे असं लिहिलं: 'आपला मेसेज मिळाला. १३० बार व १५० बार यांतील फरक कळवावा.' बाकीचं पुढच्या मेसेजमध्ये.
त्यानं लगेच आवाज रेकॉर्ड करून पाठवला. 'भावा, कुटं हुतास? आन् ही भाषा कुटली? सरकारी नोकरी लागली का काय?' आणि खूप हसला.
दोनदा ऐकलं. माहितीसाठी.

१३ ऑगस्ट
बराच अभ्यास झाला. बार म्हणजे पाण्याचा जोर. पण नुसता जोर बघायचा नसतो, मिनिटाला किती लिटर पाणी येतं तेही बघायचं. नोझल फार जवळ धरलं तर रंग निघू शकतो. दिवसभर काम असेल तर इंडक्शन मोटर. जड असते, पण लवकर तापत नाही.
आजच ठरवता आलं असतं. पाईप आठ मीटर की दहा, हे विचारायचं राहिलं होतं.
बायकोनं, मनकर्णानं विचारलं, 'अवं, त्याच्या फोनवर कुनाला एवढं लिहीत बसता?' मी म्हणालो, मशीनचं आहे. ती म्हणाली, 'आन् धुनार कोन?'
टेक्निकल गोष्टी तिला कळत नाहीत.

२४ ऑगस्ट, रविवार
आज फायनल करणार होतो. नाही केलं. आपल्या बोअरचं पाणी जड, पंपात क्षार साचतील का, हे विचारणं भाग होतं. अजिनाथ म्हणाला, 'पितळी पंप घे, पुढं फिल्टर लाव. मिटलं.'
मिटलं हा शब्द आवडला नाही. मग टाकीतून पाणी ओढेल का, ते विचारलं.
'भावा, एवढ्या चौकशीत लोकांची लग्नं जमत्यात. मशीनच्या जागी पोरगी आसती तर आतापतुर पळून गेली आसती.'
करणचे जुने मेसेज काढून पाहिले. अशा वेळी तो तीन हसरे चेहरे टाकायचा.
तीन टाकले.

९ सप्टेंबर
अजिनाथचा फोन आला. उचलला नाही. 'रेंज नाही, लेखी कळवावे' असं लिहिलं. तो म्हणतो, 'रेंज न्हाई तर मेसेज कसा येतो रं?' हुशार मुलगा आहे.
मशीन ठरलं की त्याचे मेसेज थांबणार. हे आज लक्षात आलं. त्याचा निर्णयाशी संबंध नाही.
निश्चय: १५ तारखेपर्यंत त्याला सगळं सांगायचं.

१६ सप्टेंबर
काल राहिलं. पाऊस होता.

२५ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी ११. अजिनाथचा मेसेज. 'दसऱ्याला मशीन पूजेला पायजे ना? रविवारी पाथर्डीला डिलिव्हरी हाय, जाताना टाकतो.'
घाईत लिहिलं: 'आमच्याकडे यंदा सण नाही.'
पाठवल्यावर लक्षात आलं. आपल्याकडे या वाक्याचा एकच अर्थ होतो. वर्षाच्या आत घरातलं कोणीतरी गेलंय.
मग, 'कोन गेलं भावा?'
खरं लिहायची हीच वेळ होती. पण करणच्या फोनवरून करण असं कसं लिहिणार?
'वडील' असं लिहिलं.
आत मनकर्णा भाकरी थापत होती. मी ओट्यावर होतो. वेगळं काही वाटलं नाही. उलट, क्रमानं बरोबर झाल्यासारखं वाटलं.
अजिनाथचा आवाज आला. या वेळी हसला नाही. 'खचू नको भावा. आईकडं बघ. मी हाय.'
चार वेळा ऐकलं.

२८ सप्टेंबर, रविवार
अजिनाथ आला. टेम्पोत मशीन. स्टँडवर गोरक्षच्या हॉटेलात त्यानं विचारलं होतं, करणचे वडील वारले ते घर कुठलं. गोरक्ष म्हणाला, 'वडील? ते तर आत्ता पेपर घिऊन गेलं.' पुढचंही गोरक्षनंच सांगितलं असणार. दारात आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.
तिशीच्या आतला, किडकिडीत. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. खाली ठेवायचं सुचेना. तो चपला काढून आत गेला आणि करणच्या फोटोपुढे उभा राहिला. फोटोला हार आहे. 'असा दिसत हुता व्हय,' म्हणाला. करणच्या डीपीला गाडीचा फोटो होता.
मनकर्णानं पाणी दिलं. 'तू करनचा दोस्त का?'
'व्हय मावशी. मशीनचं बोलनं चालू हुतं आमचं.'
'कवापसनं?'
'लई दिसापसनं,' म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.
जाताना शेडमध्ये मशीन उतरवलं. 'काका, दीडशे बारचं ठेवलंय. वापरून बघा. एवढी बारीक चौकशी आजवर कुनीच केली न्हवती.'
मी विचारलं, नोझल किती लांब धरायचं.
'हातभर,' म्हणाला. मग माझा नंबर घेतला.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. गावात गाड्या धुणं, हार घालणं चाललं होतं. आमच्याकडे नाही.
सकाळी माझ्या साध्या फोनवर अजिनाथ. 'काका, सुरू करताना आदी पंपातली हवा काढा.' बरं म्हणालो. करणच्या फोनवर काही नाही. आता यायचं कारणही नाही.
शेडमध्ये गेलो. करणच्या गाडीवर मार्चपासूनची धूळ. हवा काढली. नोझल हातभर लांब धरलं. दोन महिने जे जे विचारलं ते सगळं बरोबर निघालं. धूळ वीस मिनिटांत गेली. खाली पांढरा रंग होता, दुसरं काही नाही. १३० बारनंही भागलं असतं.
बोअरच्या पाण्याचे डाग पडतात म्हणून लगेच कोरडी पुसली. पाईप गुंडाळला.
घरी आलो. मनकर्णा रानात गेली होती. करणचा फोन शंभर टक्के झाला होता. पिन काढली. भिंतीवरचं बटण बंद केलं.