गोळ्या वाढव

११ जानेवारी १९७९
सुमन लहान असताना एका सकाळी नळाला पाणी लवकर आलं होतं. हंडा भरला, स्टोव्हला पिन मारली, ह्यांच्या डब्यात भेंडीची भाजी घातली, परत कळशी घेऊन नळावर गेले. सुमन माझ्या मागे, पदर धरून. शाळेतही जात नव्हती तेव्हा. कळशीचा काठ लागून माझी बांगडी फुटली. मी काही म्हणायच्या आत ती ओरडली, "आई, तुझी बांगडी वाढली!" नळावरच्या बायका हसल्या. मला कोण अभिमान. सासूबाईंनी मला शिकवलं तेच मी तिला शिकवलं होतं. बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, वाढतं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. हे डबा उचलताना म्हणाले, "पोरगी तुझ्याहून शहाणी निघाली." मग कंपनीचा भोंगा झाला, गेले.

आज हे आठवलं कारण सु. रडत घरी आली. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. ठेकेदाराकडच्या मुलींतून काहींना कंपनी पर्मनंट करणार. सु.चा हात लाइनवर सगळ्यांत साफ, असं सुपरवायझरच म्हणतो. पण कंपनीच्या डॉक्टरने वजनकाट्यावर उभी केली आणि कागदावर 'अनफिट' लिहिलं. उन्हाळ्यात परत बोलावतील, तोवर वजन उतरवून ये म्हणे.
ह्यांच्यावर गेलीय ती. हाडापेराने मोठी. त्यात माझा धंदा डब्यांचा. दिवसभर घरात फोडणीचा वास.

२० जाने.
सु.चं एकच चाललंय. "पर्मनंट झाले की विम्याचं कार्ड मिळेल. कार्डावर आईचं नाव घालता येतं. तुझे गुडघे दाखवू, डोळे दाखवू. औषध फुकट."
आपल्या घरी कार्ड होतं. हे गेल्यावर महिन्याभरात विम्याच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध आणायला गेले, तर खिडकीतल्या माणसाने कार्ड ठेवून घेतलं. "बाई, कामगार नाही तर कुटुंब नाही." उद्धट नव्हता तो. नियम सांगत होता. पण ते वाक्य अजून

सु.ला पुण्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भूक मारायच्या गोळ्या लिहून दिल्या. पिंपरीला हमीदभाईंच्या औषधाच्या दुकानात गेले. "या वहिनी, दुकान वाढवायच्या आत आलात." चिठ्ठी वाचली. "कार्ड आहे?" म्हटलं, होतं. त्यांनी किंमत सांगितली. मी पायरीवर बसले. त्यांनी पाणी दिलं.

२३ जाने.
ह्यांच्या मागे मंगळसूत्र वाढवलं, त्यातल्या सोन्याच्या दोन वाट्या डबीत आहेत. त्यातली एक सोनाराकडे दिली. सु.ला म्हटलं, भिशी लागली.
सोनाराने वाटी तराजूत टाकली. इकडेही वजनच.

१४ फेब्रु.
गोळ्या लागू पडल्या. सु. ताटावर बसते, भाताची मूद फोडते, उठते. "आई, भूक कशी असते तेच आठवत नाही." आनंदाने सांगते! पहाटे उठून निगडीच्या रस्त्याने चालून येते. दोन्ही पोलकी आत घेतली.
गोदाक्का, आमच्या चाळीची मालकीण, दारात उभी राहून म्हणाली, "व्हय गं, लोकान्ला डबे आन् घरच्या पोरीला उपास? जेवाया घालतीस का न्हाई?"
"औषध चालू आहे, अक्का."
"जेवू नगं म्हणून औषिद? पैसं दिऊन?" आणि हसत सुटली. मला राग आला. रात्रभर तेच डोक्यात.

गोळ्यांच्या पाकिटात बारीक अक्षरांचा कागद असतो. मी ह्यांच्याकडून अक्षरं शिकले, पुढचं पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयात. कागद दिसला की वाचते. हा सगळा इंग्रजी.

२२ मार्च
सु. झोपत नाही. पहाटे कधी डोळा उघडावा तर ती भांडी घासत असते. काल वेणी घालताना तिच्या मानेला हात लागला. धडधड. पाखरू धरल्यासारखी.
एक खाडा नको म्हणून ती येईना. मी एकटीच पुण्याला गेले, डॉक्टरांना सांगितलं. ते उभेच राहिले. "आजपासून बंद. एकही गोळी नाही."
परत आले तर सु. सेकंड शिफ्टला निघालेली. उंबऱ्यात चप्पल घालत होती, चौकात ठेकेदाराचा टेम्पो भोंगा देत होता. माणूस घराबाहेर पडताना 'बंद' कसं म्हणायचं? म्हटलं, "सुमे, डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढव आता."
"बरं," म्हणाली. आणि हसली. किती दिवसांनी.
जीव भांड्यात पडला. दुसरी वाटी तरी राहिली.

१ एप्रिल
सु.ने गोळ्यांचं पाकीट ट्रंकेत टाकलेलं दिसतंय, फळीवर नाही. नजरेआड झालं ते बरं. अजून जेवत नाही. भूक परत यायला वेळ लागत असेल. गालांची हाडं वर आलीत. आज दळण आणताना वाटेत दोनदा बसली.

९ एप्रिल
लाइनवर पडली. सुपरवायझरने रिक्षात घालून खाजगी दवाखान्यात आणलं. ठेकेदाराच्या पोरीला कार्ड नाही, विम्याच्या दवाखान्यात कुठल्या तोंडाने नेणार. मी पोचले तेव्हा ओठ निळे. दुसरी वाटी

(पुढे लिहवेना.)

१२ एप्रिल
हमीदभाईंकडे इंजेक्शन आणायला गेले. दुकान वाढवत होते. सु.चं सांगितलं. म्हणाले, "वहिनी, मी मुलीला दोनदा विचारलं. पगारातून दुप्पट गोळ्या नेत होती. म्हटलं, नक्की ना? तर म्हणाली, आईनंच वाढवायला सांगितलंय."
मी म्हटलं, "वाढवायला म्हणजे..."
त्यांच्या हातात दुकानाची शेवटची फळी होती. ती तशीच धरून उभे राहिले. त्यांना कळलं. म्हणाले, "या अल्ला."
घरी कशी आले माहीत नाही.

२७ एप्रिल
सु. घरी. डॉक्टर म्हणतात, हृदयाला धक्का बसलाय, सांभाळावं लागेल. किती दिवस? "सांभाळावं लागेल," एवढंच. गोदाक्का रोज दूध आणून ठेवते, टोमणा न मारता. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.
हे असते तर काय म्हणाले असते? काही म्हणाले नसते. नुसते बसले असते तिच्या पायाशी.

५ मे
कंपनीचं बोलावणं आलं. नको म्हटलं तरी गेली. मी बरोबर. काट्यावर उभी राहिली, डॉक्टरने मान डोलावली. मग छातीला नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. कागदावर तोच शब्द.
परतताना बसमध्ये म्हणाली, "वजन बरोबर भरलं, आई."
घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

८ मे
किती दिवस मनात ठेवू? काल दुपारी विचारलं. "सुमे, गोळ्या वाढव म्हटलं तेव्हा तुला कळलं नव्हतं का गं? मी बंद कर म्हणत होते."
म्हणाली, "टेम्पो भोंगा देत होता गं आई."
बस. एवढंच.
भोंगा होता, खरं आहे. घाईत कुणालाही तसंच ऐकू येईल. वजन वाढतं, पगार वाढतो, गोळ्या वाढतात. सगळं जग असंच बोलतं. पण नळावर बांगडी वाढली म्हणून ओरडणारी पोर ती. परवापर्यंत "आई, कुंकू वाढलंय, आणू का?" विचारणारी. आणि उंबऱ्यात हसली का?
कळलं नसेल तर मी तिला बोलायला शिकवलं ते चुकलं. कळलं असेल तर माझ्या गुडघ्यांसाठी, एका कार्डासाठी
परत विचारलं नाही. विचारणार नाही बहुतेक.

आज सकाळी उठून डब्यांचं केलं. मग वरणभात केला, तिला उठवून भिंतीला टेकवून बसवलं. "वाढू का?" ओठावर आलं होतं ते गिळलं. पातेलं तिच्यापुढे सरकवलं, डाव तिच्या हातात दिला आणि समोर बसले.