ड च्या पुढची शाखा

रायापूर, धारवाड
रविवार, १७ नोव्हेंबर २००२

ती. मथुराआत्यांस,

रूपालीचा वाकून नमस्कार. (खोलीत खुर्ची नाही, पलंगावर वही ठेवून लिहिते आहे, त्यामुळे आधीपासून वाकलेलीच आहे.)

आत्या, अ, ब, क, ड यांच्यानंतर काय येतं? मला सांगता येत नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलीनं हे विचारावं याची लाज वाटते, पण हुबळीच्या आपल्या मराठी शाळेत आमच्या वर्गाची एकच तुकडी होती, अ. ब पुरतीसुद्धा मुलं नव्हती, मग ड च्या पुढं कोण जाणार? या एका प्रश्नावर माझे गेले दोन महिने गेले आहेत. ते सविस्तर सांगते, पण आधी तुमचं विचारते. गुडघा कसा आहे? मिरजेत थंडी पडली का? सोनाबाईंनी भाडं घेऊन तरी तुमच्या मागच्या खोलीचं दार नीट करून घेतलं, की अजून वीट लावूनच निजता? माझी तब्येत चांगली आहे. फक्त एकटीपुरता भात लावणं अजून जमत नाही. रोज दोघींचा होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोडणी देऊन मी तो ऑफिसात नेते. आमच्या जयक्का (जयलक्ष्मी, शेजारच्या टेबलावर कन्नड पुस्तकं करतात) समजतात, की मला फोडणीचा भात फार आवडतो.

श्रावणातल्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, "तिथं टायपिंगच करतेस ना?" (त्यानंतर माझी तीन पत्रं झाली, तुमचं एकही नाही. गुडघ्याबरोबर हातही दुखत असेल असं धरून मी चालले आहे.) तर टायपिंग नाही. आमच्याकडे संगणकावर पुस्तकांची पानं मांडतात. मजकूर लिहायचा, मध्ये मध्ये हुकूम लिहायचे, की हे प्रकरण, हा त्यातला भाग, हा तक्ता; मग सगळं एकदम चालवायचं आणि यंत्र पान मांडून देतं. या व्यवस्थेला लाटेक म्हणतात. यात भागांचे क्रमांक आपण घालायचेच नाहीत. कितवा भाग आहे ते यंत्र स्वतः मोजतं, आणि मधला एखादा काढला तर मागचे आपोआप पुढं सरकतात. आपण एवढंच ठरवायचं, की तो आकडा दिसावा कसा: १, २, ३ असा, रोमन, की अक्षरात. ते ठरवून देणं माझ्याकडे. आकड्यांना कपडे घालते म्हणा. बावीस वर्षं तुम्ही आपल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या साडीला जुळेल तेच ब्लाउजपीस काढून दिलंत, तेव्हा हे काम तुम्हाला माझ्या अप्पांपेक्षा लवकर कळेल.

आता बातमी. दुकानाला पन्नास वर्षं होतात म्हणून गोविंदकाकांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला काढला आहे, आणि घरात संगणकवाली आहे म्हणून काम आमच्या ऑफिसात आलं. मला आनंद झाला. निदान कामापुरतं तरी हुबळीला, केशवापूरच्या घरी जाणं होईल असं वाटलं. (मी इथं राहायला आले तेव्हा केशवापूरहून धारवाड लांब पडतं असं कारण दिलं होतं. घरच्यांनी ते मान्य केलं. बस चाळीस-पन्नास मिनिटांत पोचवते हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं. कोल्हापूरच्या स्थळाला नाही म्हटल्यापासून अप्पा माझ्याशी आईमार्फत बोलतात. फोनवर आई हाताशी नसली की आम्ही दोघं एकमेकांचा श्वास ऐकतो आणि ठेवून देतो.)

आजोबांचे चार मुलगे, म्हणून चार शाखा, म्हणून चार भाग. मी सरळ १, २, ३, ४ दिले. गोविंदकाका म्हणाले, "आम्ही काय कैदी आहोत होय गं, नंबर घालायला?" रोमन दिले, तर म्हणाले घड्याळ झालं. अ, आ, इ, ई दिले, तर दोन नंबरच्या काकांनी प्रूफ परत पाठवलं. आपल्या शाखेला आ म्हटलं की आपण तोंड उघडून बसलो आहोत असं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. क, ख, ग, घ वर चौथ्या घरच्या कुसुमकाकू अडल्या. घ म्हणजे घसरलेले असा अर्थ लोक काढतील म्हणाल्या. (कोणीही काढला नसता. आता मी काढते.) एकदा तर सगळ्यांच्या आधी शून्य लागून आलं, ०.१, ०.२. वर प्रकरण न देता नुसते भाग दिले की असं होतं. वर कुणी नाही, म्हणून यंत्र वरच्याच्या जागी शून्य मांडतं. चूक दोन मिनिटांची होती, पण ते पान मी जरा जास्तच वेळ बघत बसले. शेवटी शाळेच्या तुकड्यांसारखे अ, ब, क, ड यावर चारही घरं राजी झाली. आम्ही क. मी यंत्राला चार अक्षरांची यादी करून दिली आणि सुटले असं वाटलं.

मध्येच काकांनी "घराण्यातील पदवीधर" असं एक परिशिष्ट घालायला लावलं. ते घातलं. त्यात लिहिलं आहे: १. रूपाली, बी.एस्सी. खाली पान कोरं. काकांना ते पान फार आवडलं आहे. आल्यागेल्याला दाखवतात.

मग मी आजोबांची नोंद वाचली. चार मुलग्यांची चार पानं, आणि शेवटी "कन्या: मथुरा." एवढंच. पुस्तकभर तुमच्यावर दोन शब्द. लग्नानंतर वर्षाच्या आत तुम्ही परत आलात ते नाही, दुकान नाही, माझ्या कॉलेजच्या तिन्ही वर्षांच्या फॉर्मवर "पालक" या शब्दापुढं तुमची सही आहे तेही नाही. (अप्पांनी न केलेल्या त्या सह्यांवरून घरात जे झालं ते झालं, आणि माझा निकाल लागला त्या जूनमध्ये तुम्ही दोन पिशव्या घेऊन मिरजेला गेलात. माझ्या पेढ्यांतला एक तरी खायचा होता.) पुस्तकात खरं असावं असं मला वाटतं. हे मी काकांना म्हटलं, तर ते मला वाटलं होतं तसे रागावले नाहीत. म्हणाले, "मथुरेनं दुकान सांभाळलं हे मला ठाऊक नाही होय? पण रूपा, शाखा म्हणजे पुढं फांदी पाहिजे. तिच्या नावाखाली लिहिणार काय तू?" मग त्यांनीच वाट काढली: यंत्रात असं काही नाही का, की नाव यावं पण नंबर लागू नये? आहे. हुकुमाला चांदणीचं चिन्ह जोडलं की मथळा छापतो, पण त्याला क्रमांक मिळत नाही आणि अनुक्रमणिकेत नाव येत नाही. काकांना हे कसं सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, बघते.

आणि बघण्यासाठी म्हणून मी पाचवा भाग लिहिला. शाखा, आणि पुढं तुमचं नाव. चालवलं. पहिल्या चार शाखा आल्या, आणि पाचवीला "शाखा" या शब्दानंतर नुसती मोकळी जागा. यंत्राचं चुकलं नव्हतं. त्याच्या पोटात आकडा पाच होताच, त्यानं तुम्हाला मोजलं होतं. घालायला अक्षर नव्हतं, कारण मी चारच दिली होती. चांदणी लावायचं मी त्या क्षणी रद्द केलं. मोजलेलं माणूस आहे, कपडाच तर शिवायचा आहे.

पण कुठला? जयक्कांना विचारलं, ड नंतर काय? त्या मान वर न करता म्हणाल्या, "ढ बरतैति, इन्नेनु?" ढ येतो, आणखी काय. मुळाक्षरात येतोच. मी घाईत होते, ढ घातला, आणि प्रूफ घेऊन भाऊबीजेला केशवापूरला गेले. कुसुमकाकूंनी पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "शाखा ढ: मथुरा." मराठीत ढ कुणाला म्हणतात हे जयक्कांना कसं माहीत असणार, पण मला माहीत होतं ना. सगळं घर हसलं. काकूंच्या हातातला चहा सांडला. माझा भाऊ मयूर म्हणाला, "आत्या मागच्या बाकावर बसली बघ." मीही हसले आत्या, हे लपवत नाही. मग हसणं थांबलं. चार भाऊ घरात, भाऊबीज, आणि त्यांना ओवाळायला पाट एकही मांडलेला नाही. गोविंदकाकांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "दुसरं अक्षर बघ." शाखा काढ असं नाही म्हणाले. अक्षर बघ म्हणाले.

म्हणून विचारते आहे. धारवाडच्या एका निवृत्त मास्तरांनी इ सांगितलं, त्यांच्या बायकोनं ई. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, ड पर्यंत पुरतं सगळ्यांचं. तुम्ही काय म्हणता? अक्षर तुमचं आहे, तुमच्या पसंतीचं असावं.

सोनाबाईंना नमस्कार. दाराला वीट लावण्याआधी कडी तरी घालून बघा.

तुमची,
रूपाली

ता.क. तुमची जन्मतारीख कळवा. घरात कुणालाच माहीत नाही. अप्पा म्हणाले (थेट मलाच, आईमार्फत नाही), "कुठल्याशा पंचमीची आहे." तेवढीच जागा मोकळी ठेवली आहे, हातानं भरता येईल.

ता.क. २. खरं म्हणजे अक्षरासाठी एवढं लांब पत्र लिहायची गरज नव्हती. मी विचारलं, कारण प्रश्न असला की तुम्ही उत्तर तरी लिहाल. इथं खोलीला लागून आणखी एक लहान खोली आहे, ती मी कार्तिकापासून घेतली आहे. दाराला कडी आहे. पायऱ्या दोनच, गुडघ्याला चालतील. भाताचं वर लिहिलंच आहे.

ता.क. ३. अक्षराचं आता कळवलं नाहीत तरी चालेल. इ घातलं. अनुक्रमणिकेतही आहे. खाली काय लिहायचं हा काकांचा प्रश्न राहिला होता, तेव्हा क मधून मी माझं नाव उचललं आणि तुमच्या शाखेत ठेवलं: इ.१, रूपाली. पान काकांना दाखवूनच छापायला दिलं. त्यांनी एवढंच विचारलं, क मध्ये भोक पडलं का? मी सांगितलं, पडत नाही, मागचे पुढं सरकतात. मयूर तीनचा दोन झाला आहे आणि खूश आहे. काकांनी सही केली. पाचशे प्रती काल दुपारी छापून झाल्या.