मासीमांच्या आकाशदिव्याची दोरी

१४ ऑक्टो., खिदिरपूर
बाल्कनीच्या सोलर दिव्याचा सहावा नमुना जमला. बांबूची टोपली, वर छोटं पॅनेल. अंधार पडला की आपोआप लागतो. आमच्या कंपनीला विकायचंय ते हे आपोआपच. नवरोबा अभि स्वयंपाकघरातून, "तूही आपोआप जेवायला ये आता."

१७ ऑक्टो.
तळमजल्यावरच्या मासीमा, आमच्या बंगाली घरमालकीण. गुडघे गेलेत, गेल्या वर्षी जिन्यात पडल्या, तरी उद्यापासून महिनाभर रोज संध्याकाळी गच्चीवर चढणार. गेलेल्या माणसाला वाट दिसावी म्हणून कार्तिकात इथे उंच काठीवर आकाशदिवा लावतात. त्यांचा, नवऱ्यासाठी. लगेच माझा नमुना काठीला बांधून दिला. शहाणपणा मिरवायची हौस, दुसरं काय.

१९ ऑक्टो.
काल लागला, आजही लागला. तरी बाई धापा टाकत काठीखाली हजर. "अपने आप जल गया. तो हम क्या किया?"


२१ ऑक्टो.
मासीमांना रिमोट नको, मोबाइल तर नकोच. शेवटी सेन्सर काढला, ओढायचा स्विच बसवला. दोरी गच्चीवरून आमच्या खिडकीजवळून थेट त्यांच्या खिडकीत. दोनदा अडकली, मग कप्पी लावली. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या, ओढली. लागला! मला रडूच आलं. बाबा जाऊन सात महिने झाले. पुण्यात सगळं दादाने केलं, मी दहाव्याला टेकले आणि दुसऱ्या दिवशी परत. त्यांच्यासाठी हाताने काही म्हणून केलेलं नाही मी.

३० ऑक्टो.
कंपनीत स्विचचं सांगितलं. "मॅडम, हे तर मागे जाणं झालं." झालं तर झालं.

५ नोव्हें.
मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलगा मासीमांना बंगळूरला घेऊन गेला. टॅक्सीत बसताना, "महीना पूरा होने तक तुम जलाना." दिवा लावताना नाव कुणाचं घेऊ, विचारलं. लाजल्या. "वो नाम हम मुँह में नहीं लेता." आमच्याकडे उखाण्यात तरी घेतात! दारावरच्या पाटीवरही नुसतं आडनाव.

६ नोव्हें.
पाचलाच अंधारलं. खिडकीतून दोरी धरली. 'मासीमांचे यजमान' एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "बाबा." दिवा लागला.
मासीमांचा फोन येऊन गेला, दिवा लावलास ना म्हणून. हो म्हणाले. कुणासाठी, ते सांगायला धीर झाला नाही.