टपालाच्या काट्यावरची डाळ

ता. ९ नोव्हेंबर १९३८, दोंडाईचे

आजही भाकरी, ठेचा, ताक. पायांची सूज सकाळी कमी, दुपारी पुन्हा जैसे थे. बोट दाबले की खळगा पडतो, लवकर भरत नाही. इंदूला यावलला पत्र टाकले. सुजेबद्दल अक्षर लिहिले नाही. पोरीला सहावा महिना चालू, पहिलटकरीण, तिला कशाला घोर. तिची आई गेल्याला उद्या पाच महिने होतील.

ता. १२ नोव्हें.

मोटारीने धुळ्यास. डॉ.नी छाती ऐकली, लघवी तपासली. त्यात काही नाही. मग म्हणाले, "जेवता काय?" सांगितले. "आणि डाळ?" म्हटले, एकट्यासाठी कोण शिजवत बसतो! भडकलेच. "पोस्टमास्तर, तुमचे पोट भरते, अंग पोसत नाही. प्रोटीन कमी पडते आहे."

कागदावर लिहून दिले. आपल्या वजनाच्या दर शेरामागे रोज एक मासा प्रोटीन. (सोनाराचा मासा, तोळ्याचा बारावा भाग. तापीतला नव्हे.) डाळी-कडधान्यांत साधारण चौथा हिस्सा, ज्वारीत दहावा, दुधात तिसावा. उठता उठता विचारले, गरोदर बाईला किती? म्हणाले, "सव्वापट धरा. जास्त खाल्ले तर बिघडत नाही, कमी पडले तर बिघडते."

ता. १३

स्टेशनावर पार्सलच्या काट्यावर उभा राहिलो. पार्सलबाबू दात काढतो, "मास्तर, लेबल कुठले लावू?" म्हटले, वरचे अजून नको. १ मण १४ शेर भरलो. म्हणजे ५४ शेर, ५४ मासे, रोजचे साडेचार तोळे.

निवृत्त होताना लिलावात घेतलेला टपालाचा जुना काटा माळ्यावरून काढला. तीस वर्षे लोकांची पाकिटे तोलली, आता डाळ. १० तोळे डाळ म्हणजे अडीच. २० तोळे ज्वारीचे पीठ म्हणजे दोन. बेरीज बरोब्बर साडेचार! एकटाच मोठ्याने "वा!" म्हणालो. मग लक्षात आले, ऐकायला कोणी नाही.

ता. १५

डाळ करपली. खाली कोळसा, वर कच्ची. खाल्ली तशीच. दहा तोळे म्हणजे दहा तोळे.

ता. १८

आज शिजली, पण इतकी पातळ की वाटीच्या तळाची नक्षी दिसावी. शेजारच्या जनाअक्का कुंपणावरून पाहत होत्या. हसल्या. "भाऊ, डाय शिजाडता येत नही तं कयनानी भाकर खा!" कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेले पीठ. माझ्या आईच्या हातचे लहानपणी खाल्लेले, पार विसरलो होतो. चार भाग ज्वारी, एक भाग उडीद. डाळ भाकरीतच आली की! डॉ.ना हे कळवले पाहिजे.

ता. २३

कळणा दळून आणला. भाकरी मीच थापली. गोल नाही, खानदेशाचा नकाशा. सोबत तेल-तिखट, कांदा. चव अशी की डोळ्यांत पाणी आले. कांद्याने म्हणू.

जनाअक्का भरीत घेऊन आल्या. त्यांना काटा दाखवला, सगळा हिशेब समजावला. म्हटले, बायकोच्या राज्यात हे मोजावे लागले नाही, तेव्हा डाळ कशी घट्ट, चमचा उभा राहील अशी. अक्का म्हणाल्या, "घट्ट तुमना ताटमा, भाऊ. वरनं पानी तिना ताटमा. मी रोज दुपारले तठे बसेल राहू, मी देखेल शे."

मी म्हटले, मला कसे कधी दिसले नाही?

"बाईनं जेवन कोन देखस!"

ता. २४

तिचा हिशेब मांडला. दोन भाकऱ्या, दोन तोळे. वरणाचे पाणी, शून्य धरू. ताक उरले तर. एकादशी, चतुर्थी, सोमवार, तेव्हा तेही नाही. शेवटी तिचेही पाय सुजत. वैद्य वात म्हणाला, मी शेकायला वीट तापवून दिली. वीट!

तिला किती हवे होते ते काढायला बसलो, तर तिचे वजन ठाऊक नाही. तेहतीस वर्षे संसार केला. गावातल्या प्रत्येक पाकिटाचे वजन मला ठाऊक होते.



ता. २७

डॉ. म्हणतील कमी प्रोटीनने कोणी एकदम मरत नाही. मरत नसेल. पण ती तरी एकदम कुठे गेली?

इंदू आईसारखीच. शेवटी बसते, उरलेले खाते, वर "पोट भरलं" म्हणते. तिला आता दोन जिवांचे हवे. यावलला जायचे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे, घेऊनच येतो. जनाअक्का तयार आहेत, त्यांनी गावात पुष्कळ बाळंतपणे केली.

गेल्या वर्षी आम्ही दोघे यावलला गेलो, तर तिची आई निघाली फडक्यात भाकरी बांधून. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचे नाही म्हणे. मी चारचौघांत चेष्टा केली होती, "पोष्टाचे युग आले तरी हिचा गाडा बैलाचाच!" ती नुसती हसली.

ता. ४ डिसेंबर

भुसावळपर्यंत गाडी, पुढे यावलला मोटार. व्याही, आबा, दारात उभे. माणूस सज्जन. केळीची बाग दाखवली. मग पाने मांडली. मी, आबा, जावई, त्यांचा भाऊ. डाळ अशी घट्ट, वर तुपाची धार. आबांचा आग्रह, "घ्या मास्तर, आमच्याकडे लाजायचं नाही!" मीही मनात तोळे मोजत होतो. तीनदा घेतली. बारा तोळे सहज झाले असतील. म्हटले, चला, लेकीच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही.

हात धुवायला मागल्या दारी गेलो. स्वयंपाकघराचे दार उघडे. विहीणबाई आणि इंदू जेवायला बसलेल्या. पातेले तिरके केलेले. इंदू त्यात तांब्यातले पाणी घालून हलवत होती. भाकरी, ठेचा, आणि ते पाणी. तिच्या पावलांवर जोडव्यांच्या वर सूज.

मी बघितले ते तिने बघितले. पदर पुढे ओढला.

तिचीच डाळ मी खाल्ली. मोजून खाल्ली.

ता. ५

निघताना विषय काढला. विहीणबाई म्हणाल्या, "राग मानू नका, पण घरात बाईमाणूस नाही. शेजारणीच्या भरवशावर लेकरू कसं पाठवू?" चुकीचे बोलल्या असे म्हणवत नाही. त्या स्वतःही तेच पाणी पीत होत्या. आबा म्हणाले, "बघू, विचार करू."

जेवणाचे बोललो नाही. काय बोलणार? तुमच्याकडे पाहुण्याला जास्त वाढतात?

परतीच्या गाडीत शेजारी कोणी नव्हते. बरे झाले.

ता. १० डिसें.

इंदूला पार्सल. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ. फडक्यात शिवून वर लाखेचे शिक्के मारले. आत चिठ्ठी: हे तुझे. रोज दोन मुठी. कोणाला देऊ नकोस. नवा पोस्टमास्तर म्हणतो, "फार जपून बांधलंय हो."

ता. १९

इंदूचे पत्र. 'नाना, दाणे सगळ्यांना फार आवडले. भावजींनी तर दोन दिवसांत संपवले. तुमची तब्येत सांभाळा, एकटे आहात, आबाळ करू नका.'

गाढव आहे पोर. आणि मी महागाढव. पार्सल घरात पोचते, पोटात पोचवायला पोष्टाकडे व्यवस्था नाही.

ता. २८

पायांची सूज उतरली. खळगा पडत नाही. पार्सलबाबूच्या काट्यावर तीन शेर वाढलो. बाबू म्हणाला, "अभिनंदन, पेढे द्या!" तोंड चुकवून घरी आलो. लाज वाटली.

ता. ३ जानेवारी १९३९

आबांचे कार्ड. 'विचार चालू आहे.' आठवा महिना लागला, यांचा विचार चालू आहे! आणखी उशीर झाला तर मोटारीचे हादरे सोसतील का तिला? जनाअक्का म्हणाल्या, "चिडीसन काय व्हई, भाऊ? रीतले रीतच आडी लावनी पडस."

रीतीला रीतच आडवी. दिवसभर हेच डोक्यात.

ता. ५ जाने.

सुचले! अरे, तिची आई ते फडके का नेत होती? खुळी नव्हती ती. लेकीच्या वाट्यातले खायला नको म्हणून. आणि त्या वेळी ओट्यावर बसून तिने इंदूला हाक मारली होती, "ये गं, माहेरचा घास खा." भर दुपारी, सासू जेवायची असताना, इंदू आईजवळ बसून जेवली आणि कोणी चकार शब्द काढला नाही. माहेरच्या शिदोरीला नाही म्हणता येत नाही. मी तेव्हा ओट्यावरच होतो, वर्तमानपत्र वाचत.

ता. ८ जाने.

पहाटे कळण्याच्या सहा भाकऱ्या थापल्या. आता बऱ्या गोल येतात. उडदाची घट्ट डाळ डब्यात. जनाअक्कांनी दही दिले आणि स्वतःही निघाल्या आहेत. विहीणबाईंना बाईमाणूस हवे ना, मग डोळ्यांनी बघून घ्या म्हणावे. माझे दहा तोळे, इंदूचे पंधरा. विहीणबाईंसाठीही दहा धरले आहेत, त्यांना कोण वाढते?

आबांना सांगणार: आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवत नाहीत. मागल्या वेळी चुकलो, माफी असावी. मी माझी शिदोरी सोडतो, इंदूला बसवा माझ्याबरोबर. आणि ती जेवल्याशिवाय मी घास उचलणार नाही. ती बसली तर तिथेच पुन्हा विचारीन, आज घेऊन जाऊ का म्हणून.

फडके तिच्या आईचेच घेतले. गाठ मारायला तीनदा चुकलो.

इंदू बसेल की 'पोट भरलंय' म्हणेल, देव जाणे. म्हणाली तर मी तशीच गाठ घेऊन उपाशी परत येईन. जनाअक्का दारात उभ्या राहून हाका मारताहेत, गाडीची वेळ झाली.