नराचा ड्रम, मादीचा ड्रम

३ जुलै, सकाळी ७
पहिली पेरणी गोगलगायींनी खाल्ली. दुबार पेरलं, घरचं बियाणं. उगवण लई झकास. आज बघतो तर बांधाकडच्या चार तासांत, म्हणजे ओळींत, पान न्हाई, नुसते देठ. तिबार पेरायला दाणा शिल्लक न्हाई. ह्याच सोयाबीनवर पोरीला, रुद्राणीला, लातूरच्या क्लासला घालायचं ठरलंय. घाबरायचं काम न्हाई. मी हाय.

दुपारी
शेजारचे आश्रुबा गुळाच्या पाण्यात पोती भिजवून बांधावर टाकतात. सकाळी पोत्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या बादलीत. बायको, शांता, म्हणाली आपणबी तेच करू. सांगितलं, आपण लिंगायत, गळ्यात लिंग हाय, जीव मारायचा न्हाई. ती म्हणाली, लिंग माझ्याबी गळ्यात हाय, पण लेकराच्या तोंडचा घास कावून सोडू? तिला शास्त्र कळत न्हाई.
संकल्प: रुद्राणीचं बायोलॉजीचं पुस्तक वाचायचं. रोज एक पान. क्रम मोडायचा न्हाई.

५ जुलै
मृदुकाय संघ. ऑक्टोपस, शिंपला, गोगलगाय एकाच संघातले. गोगलगाय उदरपाद वर्गातली, म्हणजे पोटावर चालणारी. आश्रुबांना सांगितलं, ऑक्टोपस हिचा भाऊबंद. ते म्हणाले, मंग त्याला सांगावा धाडू नका, तेवढं करा. अडाणी माणूस.
आणखी सहा तासं गेली.

६ जुलै
उपाय सापडला! नर एका ड्रममधी, माद्या दुसऱ्यात. भेटच न्हाई तर वंश कुठला? मोठ्या शंखाचा तो नर, लहान ती मादी. पुस्तकात न्हाई, पण दिसतंच की. उपाशी ठेवणं म्हणजे मारणंच, म्हणून तळाला ओली माती, वर कोबीचा पाला. कोबी भाजीसाठी आणलेली. शांतानं रातच्याला नुसती भाकरी-चटणी वाढली.
रुद्राणी म्हणाली, आप्पा, पुढची पानं वाचा. शिस्त म्हणजे शिस्त, म्हटलं.

९ जुलै
गोगलगायीच्या जिभेवर हजारो दात, कानशीसारखे. अर्धं रान गेलं. शांता एकटीच वेचायला जाते, कंबर धरलीय म्हणते. मला जायचं होतं. पण ड्रम कोण बघणार?

१४ जुलै, सकाळी ११
आजचं पान: मृदुकाय प्राण्यांत मोती तयार होतो. सहज नराच्या ड्रममधली माती उकरली. ज्वारीएवढे, पिवळसर पांढरे, गोल गोल. शेकड्यांनी! माद्यांच्या ड्रममधीबी! आरं देवा! लातूर काय, पोरगी पुण्याला जाईल. कुणाला बोलायचं न्हाई.

१५ जुलै
मोती दाबले की फुटतात. कच्चे असावेत. घरात ठेवले तर बोभाटा. उरलेल्या अर्ध्या एकरात, ओळींच्या मधी, बोटभर खोल पुरले. खुणेला काड्या लावल्या. पिकू देत.

२० जुलै
शांता बांधावर बसून रडली. मला लई वाईट वाटलं, पण गुपित फोडलं न्हाई. मग डोळे पुसून तिनं उरल्या रानाभोवती चुन्याचा पट्टा ओढला. चुना ओलांडून एकबी आत येत न्हाई. मोत्यांनाबी राखण झाली.

२८ जुलै
शांता आठ दिवसांनी हसली. अर्धा एकर वाचला म्हणाली. सारखा रानात जाऊन काड्या मोजतो.

३१ जुलै, सकाळी ८
चुना जागच्या जागी. बाहेरून एकबी आली न्हाई. आत, काड्यांच्या ओळीनं, मसुराएवढ्या गोगलगायी. पानांची चाळण.
रुद्राणीनं पुस्तक आणलं. पुढचं पान तिनंच वाचून दाखवलं. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायींत नर-मादी वेगळे नसतात. एकच जीव दोन्ही असतो. अंडी मातीत घालतात, शेकड्यांनी. तिनं पुस्तक मिटलं. लातूरचा विषय काढला न्हाई. काढला असता तर बरं झालं असतं.
शांतानं विचारलं, ह्या काड्या कुणी रोवल्या?
मी, म्हटलं.
तिनं मिठाची बादली माझ्या हातात दिली. घेतली.
दोन पेरण्या वाया गेल्या. तिसरी माझ्या हातची. दाणा न् दाणा उगवलाय.