काकूची भिंत आणि तीन कोटेशनं

६ फेब्रुवारी, सकाळ
काकूचा फोन. कोणी एक माणूस येऊन बैठकीच्या खोलीची भिंत छोट्या हातोडीने ठोकून गेला. म्हणाला, भिंत आतून पाणी पितेय. लगेच वॉटरप्रूफिंग केलं नाही तर बाल्कनी एक दिवस कोणाच्या तरी डोक्यात पडेल, आणि ते पाप तुमच्या माथी. त्याने सांगितलेला भाव ऐकून मी खुर्चीतून उठलो. काकूने गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी जे डिपॉझिट ठेवलंय, बरोबर तेवढाच. त्याला नेमका हाच आकडा कसा सुचला, असं विचारलं. काकू म्हणाली, अरे, त्याने विचारलं, मी सांगितलं.
काका-काकूंना मूलबाळ नाही. आहे तो मी, एकुलता एक पुतण्या. म्हटलं, सही करू नकोस, मी आहे ना. फोन ठेवल्यावर फार बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
प्रत्यक्ष पाहणी. सोफ्यामागे ओलीचा डाग, बशीएवढा. काका त्या माणसाला 'टकटक' म्हणतात, आणि तेही लाडाने. टकटकने म्हणे जाता जाता काकूच्या स्टुलाचा डुगडुगणारा पाय पक्का बसवून दिला. मी म्हटलं, हीच या लोकांची पद्धत. आधी स्टूल, मग डिपॉझिट. काका म्हणाले, ते स्टूल तू दोन वर्षांपूर्वी दुरुस्त करणार होतास.
मुद्दा विषयाला सोडून होता, म्हणून वाढवला नाही.

९ फेब्रुवारी
विचार केला. टकटक लुबाडतोय हे मी कशावरून म्हणतो? पुराव्याशिवाय कोणाला चोर ठरवणं बरोबर नाही. त्यालाही पोट आहे. निर्णय: तीन कंपन्यांची कोटेशनं मागवायची. मग आकडेच बोलतील.
बायको म्हणाली, सरळ नको म्हणून सांग आणि मोकळा हो. बायकोला पद्धतशीर कामाचं वावडं आहे.

१० फेब्रुवारी
एका वेबसाइटवर फॉर्म भरला. घरातलं कोणतं काम, यापुढे बरेच पर्याय होते. डाग कशाचा हे माहीत नसताना एकच पर्याय निवडणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. सगळे निवडले. फोन नंबर माझा देणार होतो, पण घर त्यांचं, तेव्हा कोणाला आत घ्यायचं हेही त्यांनीच ठरवावं. शिवाय मला मीटिंग असतात. काकांचा दिला; फॉर्म भरणाऱ्याचं नाव मात्र माझंच.

१२ फेब्रुवारी
काकांचा फोन. सकाळपासून कानावरचा रिसीव्हर खाली ठेवता आलेला नाही म्हणे. खिडक्यावाले, नळवाले, वाळवीवाले. एकाने गळक्या छपराची चौकशी केली. काका त्याला म्हणाले, आमच्या डोक्यावर आणखी दोन मजले आहेत, त्यांना विचारून सांगतो.
मी म्हटलं, उत्तम! स्पर्धा वाढली की भाव उतरतो.

१४ फेब्रुवारी
आज सात जण येऊन गेले. काकू म्हणाली, दारात आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही तर काय करायचं? सात वेळा उठली. उजवा गुडघा सुजलाय. भिंत ठोकून ठोकून तिला खळगे पडलेत. एकाच्या मते भिंत ठणठणीत आहे, कमोड बदलायला हवा.
तक्ता केला. सात माणसं, सात निदानं, सात भाव. कशाची कशाशी तुलनाच होत नाही. आणखी तीन मागवावीत का?

१५ फेब्रुवारी
मागवली नाहीत. संयम पाळला. वेबसाइटला मेल केली, की कृपया आमचा नंबर काढून टाका. उत्तर लगेच आलं: धन्यवाद, आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्या घरी भेट देईल.
संध्याकाळी काकांच्या दारावर पाटी लावली, 'विक्रेत्यांना प्रवेश नाही'. मी जिना उतरेपर्यंत एकजण पाटी वाचून थांबला होता. म्हणाला, अशी पाटी लागते त्या घराला दार भक्कम हवं. कॅटलॉग देऊन गेला.

१८ फेब्रुवारी
आज सोक्षमोक्ष. टकटकला समोर बसवून तक्ता दाखवायचा, असं ठरवून रजा टाकली. तक्त्याचे रकाने रंगवण्यात सकाळ गेली.
पोचलो तेव्हा टकटक जिन्यात उभा होता. दोन विक्रेत्यांना हात जोडून परत पाठवत होता. म्हणत होता, साहेब, आत म्हातारी माणसं आहेत, थोडी तरी लाज बाळगा.
सही सकाळीच झाली होती. काकू म्हणाली, रागावू नकोस रे. कोणाला तरी हो म्हटल्याशिवाय ही रांग संपणार नव्हती. हा निदान ओळखीचा.
काका म्हणाले, याने दोन तासांत अकरा जण परतवले. तू किती परतवलेस?
तक्ता दाखवला नाही. वेळ योग्य नव्हती.

१९ फेब्रुवारी
करार शब्दन् शब्द वाचला. आठवड्याच्या आत रद्द करता येतो! काम फत्ते. अट एकच: सही करणाऱ्याने स्वतः ऑफिसात येऊन अर्ज द्यायचा. डिपॉझिट काकूचं, म्हणून सही काकूची. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
काकू म्हणाली, तीन मजले चढता आले असते तर मला ऑपरेशन कशाला लागलं असतं?
खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेऊ, असं सुचवलं. काका म्हणाले, दोघं म्हणजे तू आणि मी?

२३ फेब्रुवारी
कंपनीला मेल करून अपवादाची विनंती करायची. चौथा मसुदा. तिसऱ्यात 'फसवणूक' शब्द होता. तो मला सिद्ध करता येणार नाही, काढला. 'दबाव' हा शब्दही एकतर्फी वाटला, काढला. आता मेलमध्ये नुसते आभार उरलेत. उद्या पुन्हा शांतपणे बघतो.

२६ फेब्रुवारी
मुदत काल संपली.
मेल मात्र चांगली झाली आहे.

४ मार्च
भिंत झाली. डागावर पांढरा रंग. काकूने हॉस्पिटलला स्वतःच फोन करून ऑपरेशनची तारीख सोडली. नर्सबाईंना म्हणाली, घरात काम निघालंय, पुढच्या वर्षी बघू. मला म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, खोली उजळलीये बघ.
पुढच्या वर्षी कोणतं डिपॉझिट, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

११ मार्च
काकूसाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन गेलो. पाच दुकानं हिंडून, दोन्ही मापांत. बेल वाजवली.
काका आतूनच म्हणाले, कोण? म्हटलं, काका, मी, पुतण्या. काका म्हणाले, सगळे पुतण्याचंच नाव सांगून येतात, म्हणे फॉर्म त्यानेच भरला. नको आहे आम्हाला काही.
मला मनातून आनंदच झाला. शेवटी नको म्हणायला शिकले. मग जोरात ओरडलो, अहो काका, खरंच मी! फॉर्म मीच भरला होता!
काका आत काकूला म्हणाले, बघ, हेच वाक्य. अगदी हेच.
काकूने आवाज ओळखला. अहो, तोच आहे तो, उघडा की दार. काकांना ऐकायला कमी येतं, आणि आता खात्री तर कशाचीच नाही. तिला म्हणाले, तू उठू नकोस, मी बघतो याच्याकडे.
ती कुठली उठतेय.
पट्टे दाराच्या कडीला अडकवले आणि निघालो. मागून काकांचा आवाज आला, सॅम्पलं ठेवून जाऊ नका.