मेला नसेल तर हॅम परत द्या

लोडेल,
शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. नडीनवहिनीस,
इमोजीनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

डोकं आत आण, टोपी ओसरीवर राहू दे. माझं लग्न ठरायच्या आधी ऑरिन पहिल्यांदा घरी आला, तेव्हा बाबा दार अडवून त्याला हे म्हणाले होते. टोपी लोडेल कॉलेजची होती, नारिंगी. ऑरिनने ती मुकाट्याने पायरीवर ठेवली आणि जेवण आटपेपर्यंत आपल्या कुत्र्याने तिच्या चिंध्या केल्या. बाबांनी त्या कुत्र्याला स्वतःच्या ताटातला मटणाचा तुकडा दिला. दादा तेव्हा पोट धरून हसला होता. सव्वीस वर्षं झाली. परवापासून ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

वहिनी, मी शपथेवर सांगते, मला काहीही माहीत नव्हतं. लोडेलच्या फुटबॉलच्या ऑफिसात मी बावीस वर्षं टायपिंग करते, पण तुझ्या नातवाचं, टोबिनचं नाव कोचने माझ्यापासूनही झाकून ठेवलं होतं. का, तर मी लोडेलच्या हाडवैरी हॅचर कॉलेजवाल्यांची बहीण. आणि तिकडे गावात मी लोडेलवाल्याची बायको. म्हणजे मी कुणाचीच नाही.

बुधवारी सकाळी नव्या खेळाडूंचे सह्या केलेले कागद फॅक्सने येत होते. एकवीस यायचे होते, वीस आले. पावणेअकराला हॅचर कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला. तिथली बाई रडत होती की हसत होती, कळेना. म्हणाली, तुमच्या कॉलेजचा कागद आमच्या मशीनमधून बाहेर पडलाय. खाली टोबिनची सही आहे, आणि त्याच्याखाली पालक म्हणून हार्लन टॅकेटची. आमच्या कोचने मला बोलावून विचारलं, तुमचे भाऊ पितात का. मी सांगितलं, चर्चमध्ये मिळतो तो द्राक्षाचा रससुद्धा ते अर्धाच घेतात.

मी दादाला तीनदा फोन केला. माझा आवाज ऐकला की तो म्हणतो, चुकीचा नंबर, आणि ठेवतो. म्हणून हे पत्र. झालं काय, ते तू तरी सांग.

कागद एकवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत आमच्या मशीनवर आला नाही, तर टोबिनची जागा दुसऱ्याला जाईल. नियम आहे, मी स्वतः टाइप केलेला.

ऑरिनचा नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
इमोजीन

*

कोल्टर्स बेंड,
सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. इमोजीन हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वन्संबाई, शपथा घेऊ नकोस. गावाला शपथ नको असते, कारण हवं असतं, आणि कारण तू आहेस. तू नाताळात पाठवलेल्या नारळाच्या केकमुळे पोरगं फिरलं, असं न्हाव्याच्या दुकानात ठरलंय. त्या केकचे चार तुकडे तुझ्या भावानेच खाल्ले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता घडलेलं ऐक. ते फॅक्सचं मशीन यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलं, फक्त या एका कागदासाठी. बियाण्यांच्या दुकानात फॅक्स कशाला, तर म्हणे, टोबिनचा कागद हॅचरला माझ्याच हातून गेला पाहिजे. एक नंबरच्या बटणावर हॅचरच्या ऑफिसचा नंबर भरून ठेवला होता आणि दर रविवारी चर्चहून आल्यावर मशीनवरची धूळ पुसायचे.

बुधवारी सकाळी सातला टोबिनने स्वयंपाकघरात कागद समोर ठेवला. म्हणाला, आजोबा, नीट वाचून घ्या. मी चुलीशी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. यांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. चष्मा काढून ठेवलेला. म्हणाले, वाचायचं काय त्यात, तू जन्मलास तेव्हापासून मी हेच वाचतोय. आणि केली सही. टोबिन पुन्हा म्हणाला, आजोबा, खरंच वाचा. यांनी त्याचा मुका घेतला आणि कागद घेऊन दुकानात गेले. बटण दाबलं एक नंबरचं.

दहा वाजता शाळेच्या हॉलमध्ये अख्खं गाव. टेबलावर दोन टोप्या, एक हॅचरची लाल, एक लोडेलची नारिंगी; पोरगा जी उचलेल ते त्याचं कॉलेज. हे पहिल्या रांगेत, लाल कोट घालून. टोबिनने नारिंगी टोपी उचलली. इमोजीन, आपल्या लोर्नाची, टोबिनच्या आईची, शवपेटी खाली सोडली तेव्हाही इतकी शांतता नव्हती. मग मागून कुणीतरी ओरडलं की पोराला दोन रंगांतला फरक कळत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरला बोलवा. आणि तेवढ्यात हेडमास्तर हॅचरच्या फोनवरचा निरोप घेऊन आले: सही हार्लनचीच आहे हो.

तेव्हापासून गावाला सुतक आहे. पाण्याच्या टाकीवर टोबिनचं नाव रंगवलं होतं, ते पुसायला दोघं चढले, त्यांच्याकडे ट्रॅक्टरचा हिरवा रंगच होता, तोही अर्ध्यात संपला. न्हाव्याने टोबिनचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलाय. मोटारवाल्या डेल्बर्टने तीन आठवड्यांच्या मुलाचं नाव टोबिन ठेवलं होतं, तो ते बदलायला कोर्टात गेला. तिथला कारकून लोडेलवाला. म्हणाला, फॉर्म संपलेत, पोरगं चालायला लागलं की या.

आणि माझ्या घरी जेवण येतंय! कुणी गेलं की येतं तसं. चौदा काचेची भांडी मोजली मी. चीज घातलेला बटाटा, ट्यूना घातलेल्या नूडल्स, मसाला भरलेली अंडी, तळलेली कोंबडी. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. लोर्ना गेली तेव्हा हीच भांडी आली होती, याच पट्ट्या. बायका दारात माझे हात धरतात, म्हणतात, देवाची इच्छा. आतमध्ये टोबिन त्यातलंच चवीने खात बसलेला असतो. त्या त्याच्याकडे बघत नाहीत, फक्त विचारतात, मीठ बरोबर झालंय ना.

रविवारी पाद्रीबाबांनी उधळ्या मुलाची गोष्ट घेतली, घरी परतलेल्याला बापाने कसं मिठीत घेतलं ती. हे भर चर्चमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, त्या बापाने निदान सही तरी केली नव्हती.

कागद यांनी फ्रीझरमध्ये माशांच्या खाली ठेवलाय. कुलूप लावलंय, किल्ली गळ्यात. दुकानाच्या दारावर, कुणी गेलं की लावतात तसं, काळं फुलांचं चक्र टांगलंय. टोबिनशी शब्द नाही. मीठ हवं असलं तरी मला सांगतात, त्याला सांग मीठ दे.

मी पोराला एकटं गाठून विचारलं, का रे बाबा. म्हणाला, आजी, लोडेलला मातीचं शिकवतात, बियाण्यांचं शिकवतात. हॅचरला नाही. मला चार वर्षं चेंडू झेलायचाय आणि मग दुकान चालवायचंय. मी म्हटलं, हे त्यांना सांग. म्हणाला, सांगतो, पण ते उठून जातात.

मी काय करू? उत्तर लवकर दे. ऑरिनला आशीर्वाद. गावाच्या हिशेबात तू वाईट, माझ्या नाही.

तुझी वहिनी,
नडीन

*

लोडेल,
गुरुवार, १५ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग भांडी घासताना रडले. ऑरिन म्हणाला, दोन्ही एका वेळी कर, साबण वाचेल.

इकडेही शहाण्यांचा बाजार नाही. कोचने मला मशीनसमोर खुर्ची टाकून दिली आहे आणि उठायला बंदी. मी जेवायला गेले की त्याची बायको बसते. बाहेर लोक जमतात. काल एक म्हातारे गृहस्थ आले, टोपी काढली, मशीनवर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना कागदाच्या ट्रेमध्ये एक नारिंगी फूल ठेवलं. पुढचा फॅक्स आला तो त्या फुलात अडकला. मेकॅनिकला बोलवावं लागलं. तो फॅक्स झाडूच्या जाहिरातीचा निघाला, तरी बाहेर टाळ्या झाल्या.

वहिनी, किल्ली काढून तू स्वतः कागद पाठव, असं लिहिणार होते. खोडलं. तू चोरून पाठवलास तर टोबिन इथे येईल, पण त्याला घर उरणार नाही. बाबा गेले तेव्हा मी ऑरिनला घेऊन आले आणि दादाने आम्हाला चर्चमध्ये घरच्यांच्या पहिल्या रांगेत नाही, दुसऱ्या रांगेत बसवलं. ती रांग मी अजून विसरलेले नाही. पोराच्या नशिबी ती नको.

लोर्ना गेली तेव्हा पाच वर्षांच्या टोबिनला दादा अंगणात नेऊन मोज्यांचे गोळे फेकायचा, आठवतं? शंभर झेलल्याशिवाय आत नाही. आम्हाला वाटायचं, हा पोराला शिकवतोय. मला आता वाटतं, दादाला त्या दिवसांत घरात यायचंच नव्हतं.

सहा दिवस आहेत. त्याला काही सांगू नकोस. त्याला सांगितलेलं कधीच कळत नाही, त्याला दिसावं लागतं.

पत्राला उत्तर आणि घराला थोडी कळ सोसायची ताकद मिळो.

तुझी,
इमोजीन

*

कोल्टर्स बेंड,
मंगळवार, २० फेब्रुवारी १९९६

चि. सौ. इमोजीन हिस आशीर्वाद.

घाईत लिहिते. दिसलं गं त्यांना.

ज्युएलकाकू तुला आठवतात, मेथडिस्ट चर्चच्या मागे राहणाऱ्या. एक्याण्णव वर्षांच्या. फुटबॉल बघत नाहीत, वर्तमानपत्र घेत नाहीत. सकाळी दुकानावरून गेल्या तर दारावर काळं चक्र, आमच्या घराकडे भांडी नेणाऱ्या बायका. त्यांनी हिशेब केला: टोबिन गेला. घरी परतून हॅम भाजलं, मध आणि लवंगा लावून, काळी हॅट घातली आणि अकराला दुकानात हजर. मी गल्ल्यावर होते.

ताट काउंटरवर ठेवून त्यांनी हार्लनचे दोन्ही हात धरले आणि रडू लागल्या. यांना वाटलं, या पण हॅचरवाल्याच. हेही डोळे पुसायला लागले. मग काकू बोलत गेल्या. किती गुणी पोर होतं. कोंबड्यांचं खाद्य दर गुरुवारी पाठीवर घेऊन यायचा, कधी पायरीवर टाकून गेला नाही, आत डब्यात ओतून जायचा. मागच्या उन्हाळ्यात माझे टोमॅटो जळत होते, तर माती हातात चोळून म्हणाला, काकू, चुना कमी पडतोय. अभ्यास करून येतो, मग तुमची सगळी बाग बघतो. आता कोण बघेल रे हार्लन? एवढ्या लहान वयात देवाने का नेलं?

इमोजीन, हे पांढरे पडले. सांगावं तर काय सांगावं? जिवंत नातवाचं सुतक धरलंय म्हणून? मला खूण केली. मी मुद्दाम पावत्या लावत बसले.

आणि मागच्या दारातून टोबिन आला, खांद्यावर खाद्याचं पोतं. म्हणाला, काकू, आज मंगळवारीच कशा?

काकूंनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग यांना विचारलं, हा कोण? हे म्हणाले, हाच तो. काकूंनी विचारलं, मग चक्र कुणाचं? टोबिननेच सांगितलं बिचाऱ्याने, काकू, मी दुसऱ्या कॉलेजची टोपी घातली म्हणून.

काकूंनी आपली दोन मुलं पुरली आहेत, तुला माहीत आहे. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, हार्लन, लोर्नाच्या वेळी मी हॅम आणलं होतं, ते तू घेतलंस, तेव्हा ते तुझं होतं. मग ताट उचललं, म्हणाल्या, मेला नसेल तर माझं हॅम परत दे, आणि ताट घेऊन चालत्या झाल्या. टोबिन मागे धावला, काकू, जड आहे, मी आणतो. तो हॅम घेऊन पुढे, त्या मागे, काळ्या हॅटमध्ये. सगळा रस्ता बघत होता.

हे दारात गेले. मग चक्र काढलं. घरी जाऊन फ्रीझर उघडला. कागद मऊ झाला होता, त्याला माशांचा वास. मी इस्त्री फिरवून दिला. मी म्हटलं, लोडेलचा नंबर लिहून देऊ का? म्हणाले, नको, दोन नंबरच्या बटणावर आहे. मी विचारलं, कधी भरला? म्हणाले, मशीन आणलं त्या दिवशी. दोन वर्षं तुझं ऑफिस त्या बटणावर होतं, इमोजीन. कधी दाबलं नाही, एवढंच.

आता दुकानात मशीनसमोर उभे आहेत. मला बाहेर घालवलंय. हे पत्र टपालात टाकायला निघाले आहे. त्यांनी दाबलं असेल तर तुला हे वाचायच्या आधीच कळलेलं असेल.

भांडी परत करायची आहेत, चौदा. रिकामी कशी देऊ? तुझ्या नारळाच्या केकची कृती पाठव.

सगळ्यांना यथायोग्य.

तुझी वहिनी

*

लोडेल,
गुरुवार, २२ फेब्रुवारी १९९६

ती. हार्लनदादास,
इमोजीनचा सा. न. वि. वि.

हे पत्र तू उघडशील की चुकीचा पत्ता म्हणून परत पाठवशील, माहीत नाही. वहिनीला सांगून ठेवलंय, तिने मोठ्याने वाचून दाखवावं आणि तू ऐकत नसल्यासारखं करावं.

मंगळवारी बारा वाजून दहा मिनिटांनी कागद आला. वरच्या कोपऱ्यात माशाच्या खवल्याचा ठसा आहे. कोचने विचारलं हे काय, मी म्हटलं, आमच्याकडे महत्त्वाच्या कागदांवर असतं. त्याने मान डोलावली. बाहेर लोक नाचत होते. मी बाहेर गेले नाही. कारण त्याच्यामागून तुझ्या अक्षरातला आणखी एक कागद येत होता. वर कॉलेजचं नाव नाही, कोचचं नाव नाही. फक्त इमोजीन. खाली तीन ओळी. त्याला शेंगदाणा चालत नाही, अंगावर गांधी उठतात. डावा गुडघा थंडीत दुखतो, तो सांगणार नाही. रविवारी घरी फोन करायला लाव.

तो कागद मी फाइलला लावलेला नाही. तो घरी आणला.

टोबिन ऑगस्टमध्ये येईल. रविवारी आमच्याकडे जेवेल. शेंगदाणा घरात ठेवणार नाही, ऑरिनला सांगितलंय. त्याचा फार जीव आहे शेंगदाण्यावर, पण चार वर्षं त्यावाचून काही माणूस मरत नाही.

आता एक मागणं. तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे, म्हणून नकार टपालाने पाठव. फॅक्सने नको, इथल्या मुली वाचतात.

सात सप्टेंबरला टोबिनची इथली पहिली मॅच आहे. माझ्याकडे दोन जागा आहेत, शेजारी शेजारी. दुसरी रांग नाही, पहिली. समोर हॅचर कॉलेज खेळणार आहे, म्हणजे तुझ्या लोकांसाठी ओरडलास तरी कुणी तुला अडवणार नाही. मी दारात उभी राहीन. तुझा लाल कोट घाल, लाल टोपी घाल. ती ओसरीवर ठेवायला मी सांगणार नाही. तू ये, दादा. टोपीसकट आत ये.

तुझी धाकटी,
इमोजीन